अंगणांतील भूर्ज : निवड सालीवरून कीं किडीवरून ?

आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांचीं मुलें अलीकडे अमेरिकेंत जाऊन राहिलीं आहेत. तेथें घर घेतलें म्हणजे घराबरोबर थोडीबहुत मोकळी जमीन येते, आणि जमीन आली म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाचा हात स्वस्थ राहत नाहीं. मग काय लावावें, कसें लावावें, अशी पृच्छा गांवीं वडिलांकडे होते व तेथून ती आमच्याकडे येते. या पृच्छांत एका झाडाचें नांव वारंवार आढळतें, तें म्हणजे पांढऱ्या सालीचा भूर्ज, ज्यास तिकडे बर्च म्हणतात. शेजाऱ्याच्या अंगणांत तो पाहिला, हिरवळीवर त्याचें शुभ्र खोड फार शोभलें, रोपवाटिकेंत रोपही मिळतें. तेव्हां लावावें कीं नाहीं? या प्रश्नास आमचें उत्तर स्पष्ट आहे. युरोपांतून आलेला पांढरा भूर्ज अमेरिकेच्या ज्या भागांत त्याच्या खोडकिड्याचा वावर आहे तेथें लावूं नये. हिमालयांतील आपला भूर्जही तेथें लावूं नये. भूर्ज हवाच असेल तर त्याच भूमींत नद्यांच्या कांठीं वाढणारा, सालीनें कांहींसा तांबूस असा जो नदीकांठचा भूर्ज आहे, तोच लावावा; आणि त्याला मानवणारी जमीन नसेल तर भूर्जाचा नाद सोडून द्यावा. असें कां, तें पुढें सांगतों.

भूर्ज हें नांव मराठी वाचकास परकें नाहीं. कालिदासानें कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत हिमालयाचें वर्णन करतांना भूर्जाच्या सालीवर लिहिलेल्या प्रेमपत्रांचा उल्लेख केला आहे, आणि बख्शाली येथें १८८१ सालीं सांपडलेली गणिताची जुनी पोथी भूर्जपत्रावरच लिहिलेली आहे. हा वृक्ष हिमालयांत सुमारें दहा हजार फुटांच्या वर, जेथें इतर बहुतेक वृक्ष मागें राहतात तेथें वाढतो. त्याच्या पश्चिम हिमालयांतील अत्यंत शुभ्र सालीच्या प्रकारास झाकमाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचें नांव दिलेलें आहे. हा व्हिक्टर झाकमाँ पंजाब व काश्मीर पाहून पुढें मुंबईस आला आणि १८३२ च्या डिसेंबरांत तेथेंच वारला. त्याच्या नांवाचा भूर्ज आज युरोप-अमेरिकेच्या बागांतून हौसेनें लावतात. पोथ्यांचा संबंध, मुंबईचा संबंध, आणि वर तें दुधासारखें खोड. आपल्या मंडळींस हाच लावावा असा मोह होणें साहजिक आहे. परंतु स्वदेशाभिमान खोडकिड्यास समजत नाहीं.

या खोडकिड्याची नीट ओळख करून घेतली पाहिजे, कारण सारा प्रश्न त्याचाच आहे. तो मूळचा उत्तर अमेरिकेंतलाच. त्याचा भुंगेरा लांबीनें अर्ध्या इंचाहून कमी, अंगानें निमुळता व काशाच्या भांड्यासारख्या रंगाचा असतो. मे-जूनच्या सुमारास तो बाहेर पडतो व पानें कुरतडतो, पण त्या कुरतडण्यानें झाडाचें फारसें बिघडत नाहीं. नाश करते ती अळी. मादी बहुधा उन्हाच्या बाजूस सालीच्या फटींत अंडीं घालते. अळी निघतांच सालींत शिरते आणि साल व लांकूड यांच्या मधल्या जिवंत थरांत नागमोडी वाटा पोखरीत जाते. पानांनीं तयार केलेलें अन्न ज्या वाटेनें मुळांकडे उतरतें ती वाट अशा रीतीनें ठिकठिकाणीं तुटते. प्रथम शेंड्याच्या डहाळ्या वाळतात. मालकास वाटतें, उन्हानें वाळल्या असतील. पुढच्या वर्षीं वाळण खालीं उतरतें, आणि मग सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचीं बारीक भोकें दिसूं लागतात. हीं भोकें नवे भुंगेरे बाहेर पडल्याचीं होत. म्हणजे तीं आपल्या दृष्टीस पडेतोंवर आंत एक-दोन वर्षांचें काम होऊन गेलेलें असतें.

आतां कोणत्या भूर्जावर हा किडा किती चालतो, हें नुसत्या ऐकीव गोष्टींवरून ठरवावयाचें नाहीं. कित्येक जातींविषयीं “ही किडीस दाद देत नाहीं” असें पूर्वीं सांगितलें जात असे, पण तसें सांगणाऱ्यांनीं त्या जाती शेजारीं-शेजारीं लावून पाहिल्या नव्हत्या. तें काम ओहायो संस्थानांत झालें. १९७९ सालीं तेथें अमेरिकेंतील, युरोपांतील व आशियांतील निरनिराळे भूर्ज एकाच क्षेत्रांत लावण्यांत आले आणि वीस वर्षें त्यांवर लक्ष ठेवण्यांत आलें. त्याचा वृत्तान्त नील्सन, म्युलेनबर्ग व हर्म्स यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केला. युरोपचा पांढरा भूर्ज, युरोपचाच लवदार डहाळ्यांचा भूर्ज व चीनमधील सेचवानचा भूर्ज या तिघांचें एकूण एक झाड आठ वर्षांच्या आंत किडीनें मारलें. जपानचा मोठ्या पानांचा भूर्ज नऊ वर्षांत संपला. उलट अमेरिकेचा स्वतःचा कागदी भूर्ज, ज्याच्या सालीच्या होड्या तेथील मूळचे रहिवासी करीत, त्याचीं सुमारें तीन-चतुर्थांश झाडें विसाव्या वर्षींही उभीं होतीं. नदीकांठच्या भूर्जाच्या तर एकाही झाडांत किड्यानें वीस वर्षांत घर केलें नाहीं.

आमच्या वाचकांनीं या आठ वर्षांचा विचार अवश्य करावा. हंगामी पीक बुडालें तर पुढच्या पावसाळ्यांत पुन्हां पेरतां येतें. अंगणांतील झाड आठव्या वर्षीं मेलें तर आठ वर्षेंच गेलीं, आणि तींही कशीं, तर झाड नुकतें सावली देऊं लागलें असतांना. रोपवाटिकेची हमी असली तर ती बहुधा वर्षभराची असते. किडा हमीची मुदत संपल्यावर येतो. विकणारा खोटें बोलतो असें आमचें म्हणणें नाहीं; विकण्याच्या दिवशीं पांढरा भूर्ज खरोखरच रोपवाटिकेंतील सर्वांत देखणें झाड असतें. पण जो माल आठ वर्षांनीं बुडणार हें वीस वर्षांच्या प्रयोगानें दाखवून दिलें आहे, त्यावर तशी चिठ्ठी लावून विकणें हें आम्हांस व्यापाराच्या साध्या सचोटीचें काम वाटतें.

असा भेद कां पडावा ? ज्या झाडांच्या पिढ्यान्‌पिढ्या या किड्याच्या संगतींत गेल्या, त्यांतून तग धरणारींच मागें राहिलीं. अळी सालींत शिरली कीं निरोगी अमेरिकन भूर्ज तिच्या वाटेवर नवी ऊति भरून ती वाट बुजवून टाकतो. सालीवर वळकट्यांसारखे उंचवटे दिसतात ते अशा जिंकलेल्या झुंजींच्या खुणा होत. युरोप-आशियाच्या भूर्जांनीं हा किडा कधीं पाहिलाच नव्हता. हाच नियम उलट दिशेनेंही चालतो, आणि त्याचें उदाहरण फार भयंकर आहे. या किड्याचा एक हिरवा चुलतभाऊ, अ‍ॅश झाडाचा पाचूवर्णी खोडकिडा, आशियांतून अमेरिकेंत आला व २००२ सालीं मिशिगन संस्थानांत डेट्रॉइटजवळ ओळखला गेला. आशियांतील अ‍ॅश त्याला बऱ्याच अंशीं पुरून उरतो. अमेरिकेंतील अ‍ॅश मात्र कोट्यवधि मेले. झाडें दोन, किडे दोन, खंडें दोन. पण जें झाड अनोळखी किड्याच्या तावडींत सांपडलें तेंच गेलें. आमच्या शेतकऱ्यांस यांत कांहीं अपूर्व वाटणार नाहीं. देशी कापसास तुडतुडा अमेरिकन कापसापेक्षां कमी त्रास देतो, हें वऱ्हाड-खानदेशांत कोणास सांगावयास नको. फ्रान्सच्या द्राक्षबागा एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतून आलेल्या मुळांवरील किडीनें बुडूं लागल्या, त्याही अखेर अमेरिकन खुंटावर कलमें बांधूनच वांचल्या.

मात्र यावरून “देशी तें सर्व निर्धास्त” असा अर्थ कोणीं काढूं नये. कागदी भूर्ज हा थंड रानांतला वृक्ष आहे. तो दक्षिणेकडील तापलेल्या हिरवळीवर, डांबरी रस्त्याच्या कडेस लावला आणि दोन उन्हाळे पाणी कमी पडलें, कीं त्याच्या अंगची झुंजण्याची शक्ति सरते व तोही किड्याच्या आहारीं जातो. ओहायोंतील चौथा हिस्सा झाडें गेलीं हें विसरतां कामा नये.

कोणी म्हणेल, किडा आहे तसें औषधही आहे. झाडाच्या बुडाशीं दरसाल औषध ओतलें कीं तें मुळांवाटे सालींत चढतें व अळी मरते. हें खरें आहे. त्यासाठीं सामान्यतः वापरतात तें इमिडाक्लोप्रिड आपल्या कापूस व द्राक्ष उत्पादकांस चांगलें ठाऊक आहे. आमचा आक्षेप असा कीं, पिकावर औषध मारतांना शेतकरी खर्चाची व येणाऱ्या मालाची तोंडमिळवणी पाहतो. अंगणांतल्या भूर्जापासून फळ नाहीं, लांकूड नाहीं, उत्पन्न नाहीं. ज्या झाडास जन्मभर दरसाल विष पाजल्याखेरीज जगतां येत नाहीं, तें झाड शोभेचें कसलें ? भूर्जाचा पराग वाऱ्यानें उडतो, त्यासाठीं मधमाशी लागत नाहीं. परंतु त्याच्या बुडाशीं ज्या मातींत औषध ओतलें तींतच शेजारचीं फुलझाडें मुळें पसरतात व तेंच विष त्यांच्या फुलांत उतरूं शकतें. या वर्गांतील तीन औषधांच्या उघड्यावरील वापरास युरोपीय संघानें २०१८ सालीं मनाई केली, आणि न्यू जर्सी संस्थानानें २०२२ च्या कायद्यानें शेतीबाहेरील वापर बराच आवळला. आपलीं कित्येक मराठी कुटुंबें त्याच संस्थानांत राहतात, तेव्हां दुकानांत कालपर्यंत मिळणारी बाटली आज मिळेलच असें त्यांनीं गृहीत धरूं नये.

राहिला नदीकांठचा भूर्ज. अमेरिकेच्या पूर्वार्धांत, उत्तरेस मिनेसोटापासून दक्षिणेस फ्लॉरिडाच्या उत्तर भागापर्यंत, पुराचें पाणी जेथें चढतें व ओसरतें अशा सखल जमिनींत हा आपोआप वाढतो. बहुतेक भूर्जांचें बीं शरद्‌ऋतूंत पिकतें. याचें मात्र वसंताच्या अखेरीस पिकतें आणि पूर ओसरल्यावर उघड्या पडलेल्या ओल्या गाळांत लागलेंच रुजतें. ही त्याची संवय पाहिली म्हणजे त्यास काय मानवतें हें निराळें सांगावयास नको. उष्णता तो इतर भूर्जांपेक्षां पुष्कळ सोसतो. त्याची साल शुभ्र नसते. कोवळ्या झाडाची तांबूस, दालचिनीच्या रंगाची. तिचे कागदासारखे पापुद्रे सुटून लोंबतात आणि आंतला फिका रंग दिसतो. म्हातारपणीं बुंधा काळपट व खरबरीत होतो.

पांढऱ्या खोडाची हौस असणाऱ्यांचीही थोडी सोय झालेली आहे. इलिनॉय संस्थानांतील जॅक्सनव्हिल येथील रोपवाटिकावाले अर्ल कली यांस सेंट लुई शहराच्या परिसरांत या जातीचें एक झाड असें दिसलें कीं त्याची साल इतरांहून बरीच फिकट, मलईच्या व गुलाबी छटेची होती. त्यांनीं त्यापासून छाटकलमें करून वाढविलीं, आणि १९७९ सालीं त्या वाणाचें पेटंट झालें. ‘हेरिटेज’ या नांवानें तो सर्वत्र मिळतो. अनुभवी माणसानें शेकडों झाडांतून एक निवडावें व त्याचा वंश कलमानें चालवावा, ही रीत आपल्या आंबेवाल्यांचीच आहे. घेतांना एवढें पाहावें कीं रोप नांवाच्या चिठ्ठीचें व छाटकलमाचें आहे. बियांपासून केलेल्या रोपाची साल कशी निघेल हें झाड मोठें होईपर्यंत कळत नाहीं. अंगण लहान असेल तर ‘फॉक्स व्हॅली’ हा ठेंगणा वाण आहे, तो दहा-बारा फुटांच्या आसपास राहतो. हेरिटेज मात्र चाळीस-पन्नास फूट जातो, हें खरेदीच्या वेळीं ध्यानांत ठेवावें. पिशवींतलें तीन काठ्यांचें रोप पाहून पुष्कळांस त्याचा विसर पडतो.

या झाडाचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहींतर आम्हीही रोपवाटिकेच्या जाहिरातीच्याच ओळींत जाऊन बसूं. पहिला व मोठा दोष जमिनीचा. चुनखडीच्या जमिनींत या झाडास लोह मिळत नाहीं. पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि वर्षानुवर्षें तें खुरटत जातें. मातीचा सामू साडेसहाच्या खालीं असावा. म्हणून रोप आणण्यापूर्वीं माती तपासून घ्यावी. तेथील बहुतेक संस्थानांतील विद्यापीठांच्या शेतकी विस्तारखात्यामार्फत ही सोय होते. गंधक घालून थोडाफार फरक पाडतां येतो, पण सारी चुनखडी जमीन बदलण्याच्या भरीस पडूं नये. दुसरा दोष कचऱ्याचा. हें झाड वाऱ्यानें बारीक काटक्या टाकतें, वसंतांत तुरे टाकतें, सालीचे पापुद्रे टाकतें, आणि कोरडा उन्हाळा आला कीं ऐन जुलैंत आंतलीं पानें पिवळीं करून गाळतें. यांत रोग कांहीं नाहीं, पाण्याची मागणी आहे. ज्यास रोज झाडून स्वच्छ केलेलें अंगण हवें त्यानें हें झाड मोटारीच्या वाटेवर लावूं नये. तिसरें असें कीं, किडीस न जुमानणारें म्हणजे सर्व किडींस न जुमानणारें नव्हे. वसंतांत एका जातीच्या माव्यानें पानें वळकट्या पडून आकसतात. जपानी भुंगेरे पानांची जाळी करतात. दोन्हींनीं झाड मरत नाहीं, व त्यांसाठीं फवारा हातीं घेण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

लावणीविषयीं थोडक्यांत. घराच्या भिंतीपासून निदान वीस फूट दूर लावावें, आणि मैलापाण्याच्या नळापासूनही दूर, कारण मुळें पाण्याच्या शोधांत असतात. जागा अशी निवडावी कीं पावसाचें पाणी सहजच तिकडे उतरतें. छपराच्या पन्हळीचें पाणी ज्या कोपऱ्यांत जातें तो कोपरा उत्तम. खड्डा खोल नको, रुंद हवा. मुळें जेथून फुटतात तो बुंध्याचा फुगीर भाग जमिनीच्या सपाटीस राहिला पाहिजे. आपल्याकडे आळें करतात तसें करून त्यांत लांकडाच्या ढलप्यांचें किंवा पालापाचोळ्याचें दोन-तीन इंच आच्छादन द्यावें, मात्र तें बुंध्यास टेकूं देऊं नये. याचीं मुळें वरच्या थरांत असतात. आच्छादनानें तीं थंड राहतात व हिरवळ कापण्याच्या यंत्राचा बुंध्यास होणारा घाव टळतो. पहिलीं दोन-तीन वर्षें पावसाचें धरून आठवड्यास इंचभर पाणी मिळेल असें पाहावें. रोज शिंपडण्यापेक्षां आठवड्यांतून एकदां जमीन खोल भिजविणें बरें. छाटणी वसंतांत करूं नये, त्या वेळीं रस फार वाहतो.

एक गोष्ट आणखी. हेरिटेज चांगला म्हणून साऱ्या गल्लीनें तोच लावावा, हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. तो छाटकलमाचा वाण आहे. एका झाडाची जी दुबळी बाजू तीच सर्वांची. अमेरिकेंतील गांवांच्या रस्त्यांवर एके काळीं एल्मच्या रांगा होत्या. १९३० च्या सुमारास तेथें आलेल्या रोगानें त्या गेल्या. त्यांच्या जागीं अनेक गांवांनीं अ‍ॅशच्या रांगा लावल्या, आणि २००२ नंतर त्याही गेल्या. ज्यांच्या शेजारच्या तीन घरांत आधींच हा भूर्ज आहे, त्यांनीं ओक अथवा सर्व्हिसबेरी यांसारखें त्याच भूमींतलें दुसरें झाड शोधावें.

ज्यांनीं आधींच पांढरा भूर्ज लावला आहे, किंवा घराबरोबर तो ज्यांच्या पदरीं आला आहे, त्यांनीं तो आजच तोडावा असें नाहीं. खोडावर भोकें नाहींत व शेंडा हिरवा आहे तोंवर आच्छादन व पाणी यांची कुचराई करूं नये. मे ते जुलै या भुंगेरे उडण्याच्या काळांत त्यावर कोयता चालवूं नये, कारण दुखावलेलें झाड किड्यास बळी पडण्यास सोपें असतें. शेंड्याच्या फांद्या वाळूं लागल्या तर त्या शरदांत छाटून टाकाव्या. माथा अर्ध्याच्या आसपास वाळला म्हणजे मात्र औषधावर पैसे घालूं नयेत. औषध वर चढण्यास जी जिवंत वाट लागते तीच तोंवर तुटलेली असते. असें झाड हिवाळ्यांत पाडावें, आणि त्याचें लांकूड सरपण म्हणून घराशेजारीं रचून ठेवूं नये किंवा दुसऱ्या गांवीं नेऊं नये. सालीखालच्या अळ्या लांकूड तोडल्यानें मरत नाहींत; त्यांचे भुंगेरे पुढच्या मे महिन्यांत त्याच ढिगांतून बाहेर पडतात. तेव्हां एप्रिलच्या आंत त्याचा बारीक भुगा करून टाकावा किंवा तें जाळून संपवावें.